प्रौढ वाचक आणि मुलांचे कपाट

सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापुढे एखादे चाळिशी उलटलेले गृहस्थ रेंगाळताना दिसले, की ते दुसऱ्या कोणासाठी तरी पुस्तक शोधत आहेत असे सर्वजण गृहीत धरतात. ‘मुलगा कितवीत आहे?’ असा प्रश्न देवघेवीच्या टेबलावरून सहज येतो आणि गृहस्थही ‘सहावीत’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः मुलगा केव्हाच नोकरीला लागलेला असतो. पुस्तक हवे असते ते स्वतःसाठीच. पण तसे कबूल करणे म्हणजे वयाला न शोभणारे काही करताना पकडले जाण्यासारखे वाटते. दिवसभर फायलींशी झगडणारा कारकून रात्री रहस्यकथा वाचतो, क्रिकेटचा सामना पाहत बसतो. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही. मुलांची कादंबरी हाती घेतली तर मात्र त्याने कारण दिले पाहिजे! ही अपेक्षा कोठून आली आणि ती निमूटपणे पाळण्यात कोणाचे नुकसान होते, याचा विचार करण्यासारखा आहे.

हा प्रश्न सध्या सर्वांत ठळकपणे दिसतो तो अमेरिका व इंग्लंड या देशांत. तेथील प्रकाशनव्यवसायात आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांना ‘मिडल ग्रेड’ असे नाव आहे. मराठीत ज्याला आपण कुमार वाङ्मय म्हणतो, त्याच्याशी हा प्रकार बराच जुळतो. चित्रांच्या पुस्तकांपलीकडचा, परंतु तारुण्याच्या उंबरठ्यावरील ‘यंग अ‍ॅडल्ट’ कादंबऱ्यांच्या अलीकडचा असा हा मधला पट्टा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पट्ट्यात जे लिहिले गेले, त्याचा मोठा वाचकवर्ग प्रौढांचा आहे, हे आता तेथे उघड गुपित झाले आहे.

विभागणीमागील व्यवहार

मुलांच्या पुस्तकांना स्वतंत्र प्रतिष्ठा देण्याचे काम प्रथम ग्रंथपालांनी केले. अमेरिकेत 1922 साली न्यूबेरी पदक सुरू झाले, इंग्लंडमध्ये 1936 साली कार्नेगी पदक आले. ही दोन्ही पदके ग्रंथपालांच्या संघटनांनी दिलेली आहेत, विद्यापीठांनी किंवा समीक्षकांनी नव्हेत. चांगले पुस्तक मुलांच्या हाती पडावे हा त्यामागील हेतू होता. वयोगटाची आजची काटेकोर आखणी मात्र बाजारपेठेच्या सोयीतून आली. दुकानदाराला पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे ते ठरवावे लागते. नातवासाठी भेट घेणाऱ्या आजीला चटकन निर्णय करायचा असतो. अशा वेळी वयाचा आकडा हा मालाच्या वेष्टनावरील शिक्क्यासारखा उपयोगी पडतो. पण शिक्क्याचा एक गुणधर्म असा, की तो गिऱ्हाईक जसे आणतो तसे परतही पाठवितो.

2008 साली इंग्लंडमधील प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकांवर वयाचा आकडा छापण्याचे ठरविले, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक लेखकांनी त्याला जाहीर विरोध केला. मागे पडलेल्या मुलाला ‘लहानांचे’ पुस्तक वाचताना लाज वाटेल, आणि पुढे गेलेल्याला पुस्तक नाकारले जाईल, असा त्यांचा आक्षेप होता. हाच आक्षेप प्रौढांनाही तंतोतंत लागू पडतो. फरक इतकाच, की प्रौढाला पुस्तक कोणी नाकारीत नाही, तो स्वतःच ते नाकारून घेतो.

प्रकाशकांना ही लाज चांगली ठाऊक होती. हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक 1997 साली निघाले आणि दुसऱ्याच वर्षी प्रकाशकांनी त्याची प्रौढांसाठी निराळी आवृत्ती काढली. आतील मजकुरात एका अक्षराचाही बदल नव्हता. बदलले होते फक्त मुखपृष्ठ. रंगीत चित्राच्या जागी आगगाडीचे काळे-पांढरे छायाचित्र आले. रोज रेल्वेने कामावर जाणाऱ्या माणसाने शेजाऱ्याच्या नजरेची धास्ती न बाळगता पुस्तक उघडावे, एवढीच ती सोय होती. अर्थशास्त्राच्या वर्गात वस्तुभेदाचे उदाहरण म्हणून सांगावी अशी ही गोष्ट आहे: वस्तू एकच, उपभोक्त्याचा संकोच तेवढा निराळा, आणि त्या संकोचालाही बाजारात किंमत आली.

पुढे 2000 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने खपाच्या यादीतून मुलांची पुस्तके वेगळी काढली, कारण हॅरी पॉटरच्या पुस्तकांनी प्रौढांच्या कादंबऱ्यांच्या यादीत ठाण मांडले होते आणि नवे पुस्तक येऊ घातले होते. फिलिप पुलमन यांच्या ‘द अँबर स्पायग्लास’ला 2001 सालचा व्हिटब्रेड हा सर्व प्रकारच्या पुस्तकांमधून निवडला जाणारा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मुलांच्या पुस्तकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे एकीकडे यादीतून बाहेर काढायचे आणि दुसरीकडे मानाच्या पंक्तीत बसवायचे, असे दोन्ही प्रकार दोन वर्षांच्या आत घडले. भिंत पक्की नव्हती याचा यापेक्षा निराळा पुरावा नको.

कपाटात काय आहे

तरीही प्रश्न उरतो. प्रौढ माणसाला तेथे मिळते काय? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा पुस्तके उघडून दिलेले बरे.

लुईस सॅकर यांची ‘होल्स’ ही कादंबरी 1998 साली आली आणि पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळाले. न केलेल्या चोरीबद्दल एका मुलाला टेक्ससमधील सुधारगृहात पाठवितात. तेथे आटून गेलेल्या सरोवराच्या तळाशी प्रत्येक मुलाने रोज पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद असा एक खड्डा खणायचा असतो. चारित्र्य सुधारावे म्हणून, असे सांगतात. खरे कारण निराळे असते. फुकटच्या श्रमाला नीतीचा मुलामा कसा दिला जातो हे इतक्या थोड्या पानांत सांगणारे प्रौढांचे पुस्तक शोधावे लागेल. शिवाय चार पिढ्यांमागील एक वचनभंग, शंभर वर्षांपूर्वीच्या गावातील एक वंशद्वेषी हत्या आणि आजचे खड्डे ही तीन सूत्रे शेवटी अशी जुळतात, की वाचकाने पुन्हा पहिल्या पानाकडे वळावे. पुस्तक जेमतेम सव्वादोनशे पानांचे आहे. रोज तासभर लोकलने ये-जा करणाऱ्याचे ते दोन-तीन दिवसांत संपते.

रिबेका स्टेड यांच्या ‘व्हेन यू रीच मी’ या 2009 सालच्या कादंबरीत 1979 सालचे न्यूयॉर्क आहे. वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी एकटी आई दूरदर्शनवरील बक्षिसाच्या कार्यक्रमाची तयारी करते आहे, आणि तिच्या बारा वर्षांच्या मुलीला अज्ञात व्यक्तीकडून चिठ्ठ्या येऊ लागतात. पुढे काय घडणार हे त्या चिठ्ठ्या लिहिणाराला ठाऊक असते. कथेत कालप्रवासाचे कोडे आहे, पण लक्षात राहते ती मैत्री तुटल्यानंतरची पोकळी आणि घरात पैसा कमी असल्याची मुलीला असलेली मूक जाणीव.

केली यांग यांची ‘फ्रंट डेस्क’ (2018) तर कामगार-अर्थशास्त्राचा धडाच आहे. चीनमधून आलेले एक कुटुंब कॅलिफोर्नियातील एक मोटेल चालविण्याची नोकरी धरते. आईवडील खोल्या झाडतात, दहा वर्षांची मुलगी समोरच्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकांना किल्ल्या देते, आणि ठरलेल्या अटी मालक मागाहून आपल्या सोयीने बदलतो. स्थलांतरितांच्या श्रमाबद्दलचे अहवाल खूप आहेत. पण तक्रार केली तर राहते घरही जाईल, ही भीती रात्री जेवणाच्या ताटाशी कशी येऊन बसते, ते अहवालात नसते.

कॅथरीन अ‍ॅपलगेट यांच्या ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’ या 2012 सालच्या पुस्तकाचा निवेदक गोरिला आहे. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहरी एका बाजारसंकुलात खरोखरच आयव्हन नावाचा गोरिला सत्तावीस वर्षे पिंजऱ्यात होता. 1994 साली त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात हलविले, आणि पुस्तक निघाले त्याच वर्षी तो वारला. या साध्या वस्तुस्थितीवर लेखिकेने अगदी तुटक, छोट्या वाक्यांची कादंबरी उभी केली. वाक्ये छोटी आहेत कारण सांगणारा मोजके बोलणारा आहे. बालिशपणाचा त्यात लवलेश नाही.

आणि भारतीय वाचकाला जवळचे असे पुस्तक म्हणजे वीरा हिरानंदानी यांचे ‘द नाइट डायरी’ (2018). सिंधमधील मीरपूर खास येथील बारा वर्षांची निशा 1947 साली आपल्या मृत आईला रोजनिशीतून पत्रे लिहिते. वडील हिंदू, आई मुसलमान. फाळणीत आपण नेमके कोणाचे, असा तिचा साधा प्रश्न आहे. कुटुंब पायी आणि आगगाडीने जोधपूरला येते. लेखिकेच्या वडिलांच्या घराण्याने असाच प्रवास केला होता. फाळणीवर भारतीय भाषांत मोठे साहित्य आहे, तरीही घर सोडताना कोणती वस्तू पिशवीत घालावी या प्रश्नाच्या उंचीवरून ती शोकांतिका पाहिली, की मोठ्यांनी तिच्यावर चढविलेली राजकीय विशेषणे आपोआप गळून पडतात.

या पाचही पुस्तकांत एक समान गोष्ट आहे. मुलांचा लेखक वाचकाच्या सौजन्यावर विसंबू शकत नाही. प्रौढ वाचक नावाजलेले पुस्तक कंटाळा आला तरी कर्तव्य म्हणून ओढत नेतो. बारा वर्षांचा मुलगा विसाव्या पानावर ते मिटून खेळायला जातो. या शिस्तीमुळे कथानक, संवाद आणि विनोद यांना त्या प्रांतात कधी हद्दपारी घडली नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

या वाचनावर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. 2014 साली अमेरिकेतील एका नियतकालिकात, किशोरांसाठी लिहिलेली पुस्तके वाचताना प्रौढांना लाज वाटली पाहिजे, असे स्पष्टपणे लिहिले गेले आणि त्यावर बरेच वादळ उठले. सुबोध भाषा, ठरीव शेवट आणि निःसंदिग्ध भावना यांची सवय लागली, की माणूस कठीण पुस्तकाला तोंड देण्याची ताकद गमावतो, असा त्या मताचा गाभा होता. त्यात तथ्य आहे. वीस वर्षांच्या संसारात दोन माणसे हळूहळू परकी कशी होतात, सत्ता माणसाला आतून कशी पोखरते, वृद्धापकाळी देह कसा वैरी होतो, हे विषय मुलांच्या कादंबरीत मावत नाहीत, मावू नयेत. फक्त याच कपाटावर जगणारा वाचक अर्धपोटी राहील यात शंका नाही.

शिवाय कपाटातील सर्वच माल खरा नसतो. एका यशस्वी पुस्तकाच्या मागोमाग तशाच दहा मालिका निघतात. अलीकडे तर एकेक सामाजिक दुःख घेऊन त्यावर एकेक कादंबरी बेतण्याची टूम आहे. अशा पुस्तकांत माणसे औषधाच्या चिठ्ठीवरील नावांसारखी येतात आणि गुण देऊन जातात. पदकाचा सोनेरी शिक्का पाहून पुस्तक उचलणाऱ्याची फसगत होऊ शकते, कारण पदक मोठ्यांनी दिलेले असते, आणि मुलांनी काय वाचले पाहिजे व मुलांना काय वाचावेसे वाटते यांतील अंतर मोठ्यांना नेहमीच दिसते असे नाही.

परंतु हा आक्षेप मान्य करूनही त्याचा रोख चुकतो. मुलांचे पुस्तक वाचणारा माणूस ते बाजूला ठेवले तर तोल्स्तोय वाचील, हे गृहीत धरण्याला आधार नाही. बहुसंख्य सुशिक्षितांच्या बाबतीत खरा पर्याय कठीण पुस्तकाचा नसून काहीच न वाचण्याचा असतो. पदवी घेतली, नोकरी लागली आणि वाचन सुटले, असे सांगणारे शिक्षक व कारकून प्रत्येक कचेरीत भेटतात. त्यांचे वाचन आळसाने सुटलेले नसते. वाचन म्हणजे परीक्षेसारखे काही तरी, अशी समजूत झाल्यामुळे सुटलेले असते. त्यांना परत आणणारा रस्ता ज्या वयात ते सर्वांत आनंदाने वाचत होते तेथूनच जात असेल, तर त्यावर पहारा का बसवावा? कॅथरीन रंडेल या ऑक्सफर्डमधील विदुषीने सतराव्या शतकातील कवी जॉन डन याचे चरित्र लिहून मोठा सन्मान मिळविला. त्याच लेखिका मुलांसाठी कादंबऱ्या लिहितात आणि प्रौढांनी मुलांची पुस्तके का वाचावीत यावर त्यांनी 2019 साली एक छोटे पुस्तकही लिहिले. विद्वत्ता आणि ही आवड यांचे वैर नाही, हे त्यावरून दिसते.

विकत घेणारा एक, वाचणारा दुसरा

येथपर्यंतचा विचार प्रौढाच्या सुखाचा झाला. पण या संकोचाची खरी किंमत मुलांना मोजावी लागते, हा मुद्दा सहसा कोणी मांडीत नाही.

बाजारपेठेची सामान्य उपपत्ती असे मानते, की वस्तू विकत घेणारा तिचा उपभोगही घेतो, आणि म्हणून वाईट वस्तू त्याच्याकडून दुसऱ्यांदा घेतली जात नाही. मुलांच्या पुस्तकांत हे गृहीतच कोसळते. पैसे पालक देतो, यादी शाळा करते, खरेदी ग्रंथपाल करतो. वाचावे लागते मुलाला. विकत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेले नसते. मग तो काय पाहून घेतो? मुखपृष्ठ, पुरस्कार, मागील बाजूला छापलेले तात्पर्य. साहजिकच लेखक व प्रकाशक त्या तात्पर्यासाठी लिहू लागतात. बोधाने ओथंबलेली आणि कोणीही न उघडलेली पुस्तके शाळांच्या कपाटांत का साठतात, याचे कारण मुलांच्या अरसिकतेत शोधण्यापेक्षा या तुटलेल्या साखळीत शोधावे.

हीच तुटलेली साखळी उलट दिशेने ओढली, की बंदी येते. जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ ही चित्रकादंबरी 2019 सालची. श्रीमंतांच्या शाळेत दाखल झालेल्या एका कृष्णवर्णीय मुलाची ही हसरी आणि बोचरी गोष्ट. तिला 2020 सालचे न्यूबेरी पदक मिळाले; चित्रकादंबरीला ते प्रथमच मिळत होते. तरीही 2021 साली टेक्ससमधील केटी येथील शाळांनी पालकांच्या तक्रारीवरून ती काही काळ कपाटातून काढून घेतली. तपासणीअंती, म्हणजे कोणीतरी ती रीतसर वाचून पाहिल्यानंतर, ती परत आली. 2023 साली इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल यांच्या जुन्या पुस्तकांतील शब्द प्रकाशकांनी बदलल्याचे उघड झाले, तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि मूळ पाठाच्या आवृत्तीही चालू ठेवण्याचे प्रकाशकांना जाहीर करावे लागले. तेथे आवाज उठविणारे बहुतेक प्रौढ होते, आणि त्यांनी ती पुस्तके वाचलेली होती. पुस्तक न वाचता त्यावर हरकत घेणारा प्रौढ आणि ते वाचून त्याच्या बाजूने उभा राहणारा प्रौढ, यांतील अंतर या दोन प्रसंगांत पुरते दिसते.

आपल्याकडील अनुभव

मराठी वाचकाला खरे तर ही गोष्ट नवी वाटू नये. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ 1935 साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ती घरातील सर्वांनी वाचली. आजोबांच्या हाती ती पाहून कोणी हसले नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन हा शाळकरी मुलगा. पण ‘वनवास’ आणि त्यापुढील कथासंग्रह मराठी प्रौढांनी डोक्यावर घेतले. तेथे मूल कथेचा नायक होते, पुस्तक मात्र मोठ्यांच्या फळीवर होते, म्हणून संकोचाला जागा राहिली नाही. हेच मूल फळी बदलून मुलांच्या कपाटात गेले असते, तर किती प्रौढांना ते भेटले असते?

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 साली सुरू झाले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पुढे प्रौढ झालेल्या एका पिढीला वाचनाची गोडी लावली. साहित्य अकादमी 2010 सालापासून भारतीय भाषांतील बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते. अर्थात लिहिणारे आहेत, मासिक आहे, पुरस्कारही आहे. उणीव आहे ती वाचून मत देणाऱ्या मोठ्यांची. मराठी कुमार कादंबरीचे परीक्षण आले तरी ‘मुलांना नक्की आवडेल’ या एका वाक्यावर ते संपते. परीक्षकाला स्वतःला ती आवडली की नाही, हे तो सांगत नाही. प्रौढांच्या कादंबरीबद्दल असा निवाडा कोणी छापणार नाही.

येथे शिक्षकांचा अधिकार सर्वांत मोठा आहे. वर्गात एखाद्या पुस्तकाचे नाव घेणारा शिक्षक ते शिफारस म्हणून घेतो की आठवण म्हणून, हे मुलांना चटकन कळते. ‘काल रात्री हे वाचताना झोप उडाली’ असे जो सांगू शकतो, त्याच्या वर्गातील मुले दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जातात. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची किंवा अनुदानाची गरज नाही. मुलांच्या कपाटातून एक पुस्तक काढावे, उभ्याउभ्याच पहिली पाच पाने वाचावीत, मागील पानावरचे तात्पर्य मुळीच वाचू नये, आणि सहावे पान आपोआप उलटले गेले तर पुस्तक घरी न्यावे, एवढी पद्धत पुरेशी आहे. न उलटले तर ते परत ठेवावे आणि मुलांनाही देऊ नये. जे मोठ्याला पाच पाने धरून ठेवू शकत नाही, ते मुलाने शंभर पाने सोसावे अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि देवघेवीच्या टेबलावरून ‘मुलगा कितवीत आहे?’ असा प्रश्न आला, तर गृहस्थांनी या वेळी खरे उत्तर द्यावे. कदाचित टेबलापलीकडच्या ग्रंथपालही तेच पुस्तक नुकते वाचून ठेवलेल्या असतील.